मिलिलिटरचे कप करताना माप वारंवार चुकते: दोष शोधण्याची आणि दूर करण्याची पद्धत

पाककृतीत पाणी, दूध किंवा तेल मिलिलिटरमध्ये दिलेले असते, हाताशी मात्र कप आणि चमचे असतात, आणि दोहोंची सांगड घातल्यावर पीठ कधी सैल पडते, कधी घट्ट राहते. आकडेमोड पुन्हा तपासून पाहिली तर ती बरोबर निघते. तीच पद्धत दुसऱ्या पाककृतीला वापरली की पदार्थ नीट होतो आणि तिसऱ्या पाककृतीला पुन्हा बिघडतो. वारंवार असे घडू लागले की माणूस मोजण्यावरचा विश्वास गमावतो आणि अंदाजाने द्रव घालू लागतो. हे टाळता येण्यासारखे आहे, कारण या बिघाडाची कारणे मोजकी आहेत आणि त्यांतले प्रत्येक कारण स्वयंपाकघरातच तपासता येते.

तपासणीला सुरुवात करण्यापूर्वी चूक कोणत्या प्रकारची आहे ते ओळखावे. मिश्रण नेहमी एकाच दिशेने, म्हणजे दर वेळी पातळ किंवा दर वेळी घट्ट होत असेल, तर बहुधा पाककृतीतला कप आणि आपला कप यांचे माप वेगळे आहे. तीच पाककृती आज पातळ आणि उद्या घट्ट होत असेल, तर दोष भरण्यात किंवा पातळी वाचण्यात आहे. पाण्याच्या बाबतीत सारे ठीक आणि तेल किंवा मध आला की गडबड, असे असेल तर वजन आणि आकारमान यांची गल्लत झालेली आहे. आणि मूळ प्रमाणात पदार्थ जमतो, पण निम्म्या किंवा दुप्पट प्रमाणात बिघडतो, तर आकडे पूर्णांकात बसवताना चूक साचत गेलेली आहे. माझ्या अनुभवात या तक्रारींपैकी बहुतेक पहिल्याच कारणाशी मिटतात, म्हणून त्यावर सर्वांत जास्त वेळ घालवणे योग्य ठरेल.

कपाचे माप सगळीकडे सारखे नाही

अमेरिकेत रूढ असलेला कप २३६.६ मि.लि. चा आहे. त्याच देशात खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील पोषणमाहितीसाठी कप २४० मि.लि. धरला जातो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, तसेच कॅनडातील बऱ्याच आधुनिक पाककृतींत, मेट्रिक कप २५० मि.लि. चा असतो. ब्रिटिश इंपिरियल पद्धतीतला कप म्हणजे अर्धा पाइंट, तो २८४ मि.लि. भरतो. जपानी पाककृतींतला कप २०० मि.लि. चा असतो आणि भात शिजवण्याच्या विद्युत कुकरसोबत येणारे छोटे माप साधारण १८० मि.लि. चे असते. हे शेवटचे माप विशेष त्रासदायक आहे, कारण ते कुकरपासून वेगळे होऊन इतर मापांच्या संचात मिसळते आणि दिसायला कपासारखेच असल्याने कप म्हणून वापरले जाते. २४० च्या जागी १८० म्हणजे थेट पाव हिस्सा कमी.

अमेरिकन आणि इंपिरियल कपांत एवढे अंतर का पडले, याचे उत्तर गॅलन या द्रव मोजण्याच्या जुन्या मोठ्या मापात आहे. इंग्लंडमध्ये राणी ॲनच्या काळात, १७०७ साली, मद्य मोजण्याचा गॅलन २३१ घन इंचांचा ठरवण्यात आला आणि अमेरिकेने पुढे तोच कायम ठेवला. ब्रिटनने १८२४ च्या कायद्याने जुने गॅलन बाजूला सारून दहा पौंड पाण्याच्या आकारमानावर आधारलेला नवा इंपिरियल गॅलन स्वीकारला. दोन्हीकडे गॅलनचा सोळावा हिस्सा म्हणजे कप. पण अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा असल्याने त्याचा सोळावा हिस्सा २३६.६ मि.लि. येतो, तर इंपिरियल गॅलन ४.५४६ लिटरचा असल्याने त्याचा सोळावा हिस्सा २८४.१ मि.लि. येतो. जुन्या ब्रिटिश पाककृतीतला पाइंट अमेरिकन समजून मोजला तर ५६८ मि.लि. च्या जागी ४७३ मि.लि. द्रव पडतो, आणि इतकी तूट कोणत्याही मिश्रणात लपत नाही.

हा फरक नेमका कुठे जाणवतो हेही समजून घेतले पाहिजे. पाककृतीतले सर्व मुख्य घटक कपानेच मोजायचे असतील, तर कोणताही एक कप घेऊन तोच शेवटपर्यंत वापरला तरी घटकांचे परस्पर प्रमाण टिकते; एकूण पदार्थ थोडा कमी किंवा जास्त होतो, एवढेच. बिघाड होतो तो एक घटक कपाने आणि दुसरा ग्रॅमने, नगाने किंवा पाकिटाने मोजायचा असतो तेव्हा. समजा, ५०० ग्रॅम पीठ आणि सव्वा कप पाणी असे प्रमाण आहे. कप २५० मि.लि. चा असेल तर पाणी ३१२.५ मि.लि. होते, म्हणजे पिठाच्या वजनाच्या ६२.५ टक्के. अमेरिकन कपाने तेच पाणी २९६ मि.लि. भरते आणि प्रमाण ५९ टक्क्यांवर येते. पीठ मळताना हाताला स्पष्टपणे घट्ट लागते. इंपिरियल कपाने ३५५ मि.लि. पाणी पडते, प्रमाण ७१ टक्क्यांवर जाते आणि पीठ बोटांना चिकटू लागते. तिन्ही वेळा मोजणाऱ्याने सव्वा कपच घातलेला असतो.

पाककृती लिहिणाऱ्याने कोणता कप धरला आहे?

पुष्कळदा पाककृतीतच याचा पुरावा असतो. मि.लि. आणि कप दोन्ही दिलेले असतील तर पहिल्याला दुसऱ्याने भागावे. "५०० मि.लि., म्हणजे २ कप" असे असेल तर कप २५० चा आहे, "४८० मि.लि., म्हणजे २ कप" असेल तर २४० चा.

फक्त मि.लि. दिलेले असले तरी आकड्यांचा चेहरा बरेच सांगतो. १२५, २५०, ३७५, ६२५ असे आकडे २५० च्या कपाकडे बोट दाखवतात, तर ६०, १२०, १८०, ३६० हे २४० च्या कपाकडे. मात्र ५९, ११८, १७७, २३७, ३५५, ४७३ यांसारखे अवघड आकडे दिसले तर समजावे की मूळ पाककृती अमेरिकन कपांत होती आणि कोणीतरी, किंवा एखाद्या गणकयंत्राने, ती मि.लि. मध्ये उलटवली आहे. स्वयंपाक करणारी कोणतीही व्यक्ती आपणहून १७७ मि.लि. दूध ठरवत नाही. अशा वेळी नवे रूपांतर करत बसू नये, सरळ मूळ मापावर परतावे: ५९ म्हणजे पाव कप, ७९ म्हणजे एक तृतीयांश, ११८ म्हणजे अर्धा, १५८ म्हणजे दोन तृतीयांश, १७७ म्हणजे पाऊण, २९६ म्हणजे सव्वा, ३५५ म्हणजे दीड, ४१४ म्हणजे पावणेदोन, ४७३ म्हणजे दोन, ५९१ म्हणजे अडीच आणि ९४६ म्हणजे चार कप. एकदा बदललेला आकडा पुन्हा बदलला की प्रत्येक फेरीत थोडी काटछाट होते आणि शेवटी हाती आलेले माप मुळापासून दूर गेलेले असते.

ओव्हनचे तापमान फक्त फॅरनहाइटमध्ये असणे हीदेखील अमेरिकन कपाची खूण मानता येते, पण ती दुय्यम. आकड्यांचा पुरावा अधिक भरवशाचा.

आपला कप किती मिलिलिटरचा आहे?

हे एकदा नीट मोजून ठेवले की कायमचे काम होते, आणि ही तपासणी न करता केलेले कोणतेही रूपांतर अर्धवटच राहते. यासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा पुरेसा आहे, कारण नेहमीच्या तापमानाचे एक मि.लि. पाणी जवळजवळ एक ग्रॅम भरते. २० अंश सेल्सिअसला २५० मि.लि. पाण्याचे वजन २४९.५ ग्रॅम असते, म्हणजे स्वयंपाकाच्या दृष्टीने फरक नाहीच.

काटा सपाट, न हलणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावा. कप आतून-बाहेरून कोरडा करून काट्यावर ठेवावा आणि आकडा शून्य करून घ्यावा. मग कप काट्यावरच असताना त्यात पाणी ओतावे. आधी भरून नंतर काट्यावर ठेवायला गेले तर वाटेत सांडते आणि बाहेरून ओघळलेले पाणीही वजनात धरले जाते. शेवटचे थोडे पाणी चमच्याने, थेंबाथेंबाने घालावे. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे: पाणी काठाला टेकल्यानंतरही सांडत नाही, ते काठाच्या वर किंचित फुगून राहते. आठ सेंटिमीटर तोंडाच्या कपात हा फुगवटा सरासरी एक मिलिमीटर असला तरी त्यात सुमारे ५ मि.लि., म्हणजे एक टीस्पून पाणी असते. म्हणून डोळे काठाच्या पातळीला आणून पाण्याचा पृष्ठभाग काठाशी सपाट दिसला की थांबावे. आकडा लिहून घ्यावा, कप रिकामा करून पुसावा आणि हीच कृती आणखी दोनदा करावी. तिन्ही आकडे दोन-तीन ग्रॅमच्या आत आले तर त्यांची सरासरी हेच आपल्या कपाचे माप.

आकडा २३७ च्या आसपास आला की २४० च्या, याचा फार विचार करू नये. दोहोंतला फरक दीड टक्क्याहून कमी आहे आणि मोजणाऱ्याच्या हाताची चूक त्याहून जास्त असते. २४० आणि २५० मधला फरक मात्र चार टक्क्यांचा आहे आणि चार कप द्रव लागणाऱ्या पाककृतीत तो ४० मि.लि. होतो. काही मापांच्या कपांना काठाच्या थोडे खाली आतून रेघ असते. अशा कपांचे माप रेघेपर्यंतचे आहे की काठापर्यंतचे, हे दोन्ही वेळा वजन करून पाहावे, कारण दोन्ही आकडे निराळे येतात आणि घरातला एक जण रेघेपर्यंत व दुसरा काठापर्यंत भरत असेल तर "आज बरोबर, उद्या चूक" ही तक्रार तेथूनच उगवते.

वजनकाटा नसेल तर एक लिटरपर्यंत खुणा असलेले मोजपात्र चालेल. आपल्या कपाने चार कप पाणी त्यात ओतावे. पातळी १००० च्या खुणेवर आली तर कप २५० चा, साधारण ९५० वर आली तर अमेरिकन किंवा २४० चा, ८०० वर आली तर २०० चा. एकच कप ओतून पाहिल्यास दहा-बारा मि.लि. चा फरक खुणांमध्ये हरवतो, चार कपांत तो चौपट होऊन डोळ्यांना दिसतो. मिळालेला आकडा कपाच्या तळाशी पक्क्या शाईने लिहून ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन. स्मरणावर ठेवलेला आकडा काही महिन्यांनी २४० होता की २५०, याचा भरवसा राहत नाही.

भागाकार करावा, पण दशांशात अडकू नये

आता प्रत्यक्ष रूपांतर. मि.लि. ला आपल्या कपाच्या मापाने भागले की कप मिळतात, इतपत सर्वांना ठाऊक असते. अडचण येते ती उत्तराच्या शेपटीशी. ३५० ला २४० ने भागल्यावर १.४५८ येते आणि .४५८ कप म्हणजे नेमके किती, हे कोणत्याही मापावर लिहिलेले नसते. मग कोणी तो अर्धा कप धरतो आणि १० मि.लि. जास्त घालतो, कोणी एक तृतीयांश धरतो आणि ३० मि.लि. कमी घालतो.

म्हणून दशांशाऐवजी बाकी मि.लि. मध्येच ठेवावी. ३५० मधून एक पूर्ण कप, म्हणजे २४० वजा केल्यावर ११० उरतात. त्यांत बसणारा सर्वांत मोठा उपकप, म्हणजे कपाच्या अपूर्णांकाचे छोटे माप, एक तृतीयांशाचा, म्हणजे ८० चा. तो वजा केल्यावर ३० उरतात. एक टेबलस्पून १५ मि.लि. चा, तेव्हा उरलेले दोन टेबलस्पून. उत्तर झाले: एक पूर्ण कप, एक तृतीयांश कप आणि दोन टेबलस्पून. यात कुठेही अंदाज नाही आणि तिन्ही आकडे बेरीज करून ताडून पाहता येतात.

कप २४० मि.लि., टेबलस्पून १५ मि.लि. आणि टीस्पून ५ मि.लि. धरून नेहमी लागणारी मापे अशी बसतात:

५० मि.लि. – ३ टेबलस्पून आणि १ टीस्पून
७५ मि.लि. – पाव कप आणि १ टेबलस्पून
१०० मि.लि. – एक तृतीयांश कप, १ टेबलस्पून आणि १ टीस्पून
१२५ मि.लि. – अर्धा कप आणि १ टीस्पून
१५० मि.लि. – अर्धा कप आणि २ टेबलस्पून
२०० मि.लि. – पाऊण कप, १ टेबलस्पून आणि १ टीस्पून
२५० मि.लि. – १ कप आणि २ टीस्पून
३०० मि.लि. – सव्वा कप
४०० मि.लि. – १ कप आणि दोन तृतीयांश कप
५०० मि.लि. – २ कप, १ टेबलस्पून आणि १ टीस्पून
७५० मि.लि. – ३ कप आणि २ टेबलस्पून
१ लिटर – ४ कप, २ टेबलस्पून आणि २ टीस्पून

ज्यांचा कप २५० मि.लि. चा आहे त्यांना हे कोष्टक लागू पडणार नाही. त्यांचे काम पुष्कळ सोपे आहे, कारण १२५ म्हणजे अर्धा, ५०० म्हणजे दोन, ७५० म्हणजे तीन आणि एक लिटर म्हणजे बरोबर चार कप होतात. फक्त अधल्यामधल्या आकड्यांना चमचे लागतात: १५० साठी अर्धा कप, १ टेबलस्पून आणि २ टीस्पून, २०० साठी पाऊण कप आणि अडीच टीस्पून, ३०० साठी एक कप, ३ टेबलस्पून आणि १ टीस्पून, ४०० साठी दीड कप, १ टेबलस्पून आणि २ टीस्पून.

टेबलस्पूनबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. टीस्पून जवळजवळ सर्वत्र ५ मि.लि. चा असतो, पण ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २० मि.लि. चा आहे. तेथील पाककृतीतले चार टेबलस्पून म्हणजे ८० मि.लि.; १५ च्या चमच्याने मोजल्यास ६० च पडतात. जेवणाच्या चमच्यांचे माप ठरलेले नसते, ते मोजण्यासाठी वापरूच नयेत. आपला मापाचा चमचा तपासायचा असेल तर औषध देण्याची, सुई नसलेली ५ किंवा १० मि.लि. ची सिरिंज उत्तम. तिने पाणी मोजून चमच्यात सोडावे आणि चमचा किती मि.लि. ला काठोकाठ भरतो ते पाहावे.

कप बरोबर, हिशेब बरोबर, तरीही माप चुकते

आता दोष भरण्याच्या रीतीत शोधायचा. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे अर्धा कप हवा असताना पूर्ण कप अर्ध्या उंचीपर्यंत भरणे. बहुतेक कप तळाशी निमुळते असतात. तोंड आठ सेंटिमीटर आणि तळ सहा सेंटिमीटर असलेल्या कपात अर्ध्या उंचीपर्यंत भरलेला द्रव एकूण आकारमानाच्या सुमारे ४३ टक्केच असतो. २४० च्या कपात ही रक्कम साधारण १०३ मि.लि. होते, अपेक्षित १२० पेक्षा एक टेबलस्पूनहून अधिक कमी. हीच कृती पाव कपासाठी केली तर चुकीचे प्रमाण आणखी वाढते. अर्धा, पाव आणि एक तृतीयांश यांसाठी वेगळी मापे वापरावीत, किंवा मि.लि. च्या खुणा असलेले पात्र घ्यावे.

खुणांच्या पात्रातही पातळी कशी वाचली जाते यावर बरेच अवलंबून आहे. पात्र हातात धरून डोळ्यांसमोर आणले तर ते किंचित तिरपे होते; ओट्यावर ठेवून उभ्यानेच वरून पाहिले तर पारदर्शक भिंतीवरच्या खुणेशी पृष्ठभाग चुकीच्या कोनातून जुळतो, पातळी आहे त्याहून वर गेल्यासारखी वाटते आणि द्रव कमी पडतो. पात्र ओट्यावरच ठेवावे आणि स्वतः वाकून डोळे खुणेच्या समोर आणावेत. काही पात्रांना आतल्या बाजूने वरून वाचण्यासाठी उतरती पट्टी दिलेली असते, ती मात्र वरूनच वाचायची असते. काचेजवळ पाणी थोडे वर चढलेले दिसते. मोजायची ती मधली, खालची सपाट पातळी, कडेला चढलेली नव्हे.

एक-दोन मिलिमीटरने काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. नऊ सेंटिमीटर रुंदीच्या पात्रात एक मिलिमीटर उंची म्हणजे ६.४ मि.लि. दोन मिलिमीटर चुकले की जवळपास एक टेबलस्पूनभर फरक पडतो. पाचशे मि.लि. मोजताना हा फरक नगण्य आहे, पण ३० मि.लि. मोजताना तो जवळजवळ निम्मा होतो. यावरून सरळ नियम निघतो: लहान माप रुंद पात्रात मोजू नये. ६० मि.लि. च्या खालचे सर्व काही चमच्यांनीच मोजावे.

उकळते किंवा फार गरम पाणी मोजताना ते प्रसरण पावलेले असते, हेही लक्षात ठेवावे. ८० अंशांच्या २५० मि.लि. पाण्याचे वजन २४३ ग्रॅमच भरते. थंड मोजून मग गरम करणे बरे.

वजन आणि आकारमान यांची गल्लत

पाण्याचे १ मि.लि. म्हणजे १ ग्रॅम, हे समीकरण सोयीचे असल्याने ते नकळत सर्व द्रवांना लावले जाते. काही वजनकाट्यांवर मि.लि. दाखवणारे बटणही असते आणि त्यामुळे गैरसमज पक्का होतो, कारण तो काटा आकारमान मोजत नसतो. वजन मोजून ते पाण्याचे आहे असे गृहीत धरत असतो. स्वयंपाकाच्या तेलाची घनता साधारण ०.९२ असते. काट्यावर २०० येईपर्यंत तेल ओतले तर प्रत्यक्षात सुमारे २१७ मि.लि. तेल पडते. मधाची घनता साधारण १.४२, काट्यावर २०० आले तेव्हा भांड्यात जेमतेम १४१ मि.लि. मध असतो. दुधाची घनता १.०३ च्या आसपास असल्याने त्यात फारसा फरक पडत नाही, आणि म्हणूनच ही चूक बराच काळ लक्षात येत नाही. २४० मि.लि. चा एक कप दूध सुमारे २४७ ग्रॅम, तेल सुमारे २२१ ग्रॅम आणि मध सुमारे ३४० ग्रॅम भरतो, हे तीन आकडे हाताशी असले की काट्यानेही बिनचूक मोजता येते. मधासारख्या दाट, चिकट द्रवासाठी मी तर काटाच सुचवेन, कारण कपाच्या भिंतीला चिकटून राहिलेला मध भांड्यात कधीच पूर्ण उतरत नाही.

औंसाच्या बाबतीत हीच गल्लत वेगळ्या रूपात होते. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा असतो आणि द्रवाचा फ्लुइड औंस अमेरिकन असेल तर २९.६ मि.लि. चा, इंपिरियल असेल तर २८.४ मि.लि. चा. पाण्याच्या बाबतीत तिन्ही आकडे जवळजवळ असल्याने चूक खपून जाते. आठ औंस वजनाचा मध मात्र १६० मि.लि. च्या आसपास भरतो आणि आठ अमेरिकन फ्लुइड औंस म्हणजे २३७ मि.लि.; येथे गल्लत झाली तर गोडी आणि दाटपणा दोन्ही पार बदलतात.

निम्मे किंवा दुप्पट करताना

कपांत लिहिलेली पाककृती निम्मी करताना पाऊण कपाचा निम्मा किंवा एक तृतीयांश कपाचा निम्मा डोक्यात काढणे कठीण जाते, मग जवळचा एखादा उपकप उचलला जातो. त्याऐवजी आधी सर्व मापे मि.लि. मध्ये आणावीत, तेथेच गुणाकार किंवा भागाकार करावा आणि अगदी शेवटी एकदाच कप-चमच्यांत बसवावे. पाऊण कप म्हणजे १८० मि.लि., निम्मे ९०, म्हणजे सहा टेबलस्पून. एक तृतीयांश कप म्हणजे ८० मि.लि., निम्मे ४०, म्हणजे दोन टेबलस्पून आणि दोन टीस्पून. पूर्णांकात बसवण्याची काटछाट मध्येच केली तर दुप्पट-तिप्पट करताना तीही दुप्पट-तिप्पट होते.

किती काटछाट चालेल हे पदार्थावर ठरते. रस्सा किंवा सूप पाच टक्क्यांनी पातळ झाले तर आणखी थोडे आटवता येते, तेथे एका टीस्पूनसाठी जीव आटवण्याची गरज नाही. ओव्हनमध्ये भाजायचे मिश्रण, जिलेटिन किंवा अगर-अगर (चायना ग्रास) घालून घट्ट करायचे पदार्थ आणि टिकवण्यासाठी केलेले मिठाचे पाणी यांना मात्र नंतर दुरुस्तीची संधी नसते, म्हणून तेथे शेवटच्या चमच्यापर्यंत माप पाळावे.

एवढे करूनही मिश्रण बिघडत असेल तर

कपाचे माप ठाऊक आहे, बाकी मि.लि. मध्ये ठेवली आहे, पातळी डोळ्यांसमोर आणून वाचली आहे, आणि तरीही पीठ एकदा सैल व एकदा घट्ट होत असेल, तर द्रवाला दोष देणे थांबवून पिठाकडे पाहावे. द्रव कपात दाबला जात नाही, पीठ जाते. चमच्याने हलकेच भरून वरून सपाट केलेल्या २४० मि.लि. च्या कपात साधारण १२० ते १२५ ग्रॅम मैदा बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १४० ते १५० ग्रॅमपर्यंत जातो. कपामागे वीस-पंचवीस ग्रॅमचा हा फरक द्रवाच्या मापातल्या पाच टक्क्यांच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा आहे. अशा वेळी पिठाचे वजन ग्रॅममध्ये करावे, त्याला दिलेला द्रव वर सांगितल्याप्रमाणे मोजावा आणि दोन्ही आकडे पाककृतीच्या कडेला लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी बदल करायचाच झाला तर दोहोंपैकी एकच आकडा, तोही एका टेबलस्पूनने, बदलून पाहावा.